रम्य रात्रींचा अर्धा हिशेब

जुन्या मुंबईच्या आठवणी काढणे हा आपल्याकडे एक प्रतिष्ठित छंद होऊन बसला आहे. १९६४ साली ट्राम बंद झाली तेव्हापासून या स्मरणयात्रेला आरंभ झाला असे म्हणता येईल. मग इराण्यांची हॉटेले एकामागून एक मिटली. २०१५ साली जहांगीर कलादालनातील समोवार बंद झाले, पुढच्याच वर्षी काळा घोडा परिसरातील ऱ्हिदम हाऊसने आपली दारे लावून घेतली, आणि प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांतून हळहळीचे रकाने भरून वाहिले. अलीकडे या स्मरणोत्सवात आणखी एका प्रकरणाची भर पडली आहे. ते प्रकरण म्हणजे जुन्या मुंबईतील नाइट क्लब, नृत्यगृहे आणि मद्यशाळा. ज्याला आज वीर नरीमन रोड म्हणतात त्या चर्चगेट स्ट्रीटवरील गेलॉर्ड, बॉम्बेलीज, व्होल्गा. अ‍ॅस्टोरिया हॉटेलातील व्हेनिस, रिट्झमधील लिटल हट, अ‍ॅम्बॅसॅडरमधील अदर रूम, ही नावे ज्येष्ठ मंडळी आज काहीशा ओलसर स्वरात घेतात. झगमगते दिवे, काळे कोट घातलेला वाद्यवृंद, लाकडी तक्तपोशीवर घुमणारी पावले आणि मध्यरात्रीनंतर मरीन ड्राइव्हवरून घरी परतण्याची चैन. त्या मुंबईपुढे आजची मुंबई कशी गोंगाटी आणि बाजारू झाली आहे, असा या लेखनाचा एकूण सूर असतो.

या आठवणी खोट्या आहेत असे कोणी म्हणणार नाही. त्या काळच्या संगीताचा दर्जा खरोखरच उच्च होता, आणि त्याला पुरावाही आहे. आक्षेप आहे तो त्यांच्या अपुरेपणाला. कोणत्याही व्यवसायाचा ताळेबंद मांडायचा तर त्यात जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजू याव्या लागतात. जुन्या रात्रींच्या या आठवणी मात्र जवळजवळ सगळ्याच टेबलापाशी बसलेल्यांच्या आहेत. मंचावर उभे राहून वाजवणारे, टेबलापर्यंत थाळ्या आणणारे, तळघरातील मोरीत पेले विसळणारे आणि नाचून पोट भरणारे यांचा त्यात पत्ता नाही. त्या रात्री फुलल्या कशा आणि ओसरल्या का, याचे उत्तर ग्राहकाच्या आठवणीत सापडत नाही. ते शोधायचे तर रात्री काम करणाऱ्यांकडे आणि त्यांच्यावर वेळोवेळी लादल्या गेलेल्या कायद्यांकडे पाहावे लागते.

दारूबंदीतला सुवर्णकाळ

प्रथम एक विसंगती ध्यानात घेऊ. मुंबईच्या नाइट क्लबांचा सुवर्णकाळ म्हणून जी वर्षे सांगितली जातात, ती साधारणपणे १९५० ते १९७० या दोन दशकांत मोडतात. परंतु यातील पहिले सारे दशक आणि दुसऱ्याचाही काही भाग हा मुंबईत संपूर्ण दारूबंदीचा काळ होता! काँग्रेसच्या पहिल्या मंत्रिमंडळाने ऑगस्ट १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदीचा एक प्रयोग केला होता. तो फार काळ टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम संमत झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी आली. म्हणजे ज्या रात्रींचे वर्णन आज मद्याच्या सुवासासह केले जाते, त्या रात्रींत पाहुण्यांच्या पुढ्यात कायद्याने असायचे ते कॉफी, सरबत आणि सोडा.

या विसंगतीतूनच त्या काळातील वाद्यवृंदांच्या भरभराटीचे एक कारण सुचते. हॉटेलवाल्याचा नफा एरवी मद्यावर अवलंबून असतो. ते विकता येईना तेव्हा माणसे जागेवर बसवून ठेवण्यासाठी दुसरे आकर्षण हवे होते. ते संगीताने आणि नृत्याने पुरवले. रविवारी भरणारी ‘जॅम सेशन’ ही त्या काळच्या महाविद्यालयीन तरुणांची मोठी हौस होती, आणि एका कॉफीच्या पैशांत उत्तम वाद्यवृंद ऐकायला मिळे. बंदीने क्लब मारले असे म्हणणारे आणि बंदीने समाज सुधारला असे म्हणणारे, या दोघांच्याही सोयीचे हे चित्र नाही.

अर्थात शहर कोरडे झाले होते असे मुळीच नाही. ऐपत असलेल्यांसाठी वैद्यकीय दाखल्यावर मिळणारा परवाना होता. परदेशी प्रवाशांसाठी निराळा परवाना होता. ज्याला यांपैकी काहीच मिळण्याजोगे नव्हते, त्याच्यासाठी हातभट्टी होती. कोळीवाड्यांतून, झोपडपट्ट्यांतून आणि वांद्रे-माझगावच्या गल्ल्यांतून गुत्ते उभे राहिले. मोटारीच्या टायरांच्या ट्यूबा भरभरून दारू शहरात येऊ लागली, आणि ‘आंटीचा अड्डा’ ही संस्था मुंबईच्या बोलीत रूढ झाली. या अड्ड्यांची मालकी पुष्कळदा विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांकडे असे, कारण घरबसल्या करता येण्याजोगा दुसरा धंदा त्यांना उपलब्ध नव्हता. हप्ता पोलिसांना द्यायचा आणि धाडीची भीतीही सोसायची, अशी ती मिळकत. या अड्ड्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या पुरवठ्याच्या व्यापारातून पुढे मुंबईच्या संघटित गुन्हेगारीला भांडवल मिळाले, हे आता सर्वमान्य आहे. साठोत्तरी दशकाच्या मध्यापासून बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली, १९७३ मध्ये देशी दारूसाठी स्वतंत्र नियम झाले. तथापि गाळपाचा चोरटा उद्योग संपला नाही. डिसेंबर १९९१ च्या अखेरीस विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने माणसे मेली. एकट्या मालवणीत शंभराहून अधिक बळी गेले. ते सारे कष्टकरी होते. जुन्या रात्रींच्या स्मरणग्रंथात त्यांना अर्थातच स्थान नाही.

एकाच पेयासाठी एकाला परवाना आणि दुसऱ्याला पोलीसकोठडी, हे दुहेरी माप त्या वेळी रुजले. आजही मूळचा अधिनियम ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नव्या नावाने लागू आहे, कागदोपत्री मद्यपानासाठी परवाना लागतोच, आणि रस्त्यारस्त्यावरच्या ‘परमिट रूम’च्या पाट्या त्याच इतिहासाची साक्ष देत उभ्या आहेत.

वाजवणारे हात कोणाचे?

आता मंचावरच्या माणसांकडे वळू. पाश्चात्त्य नृत्यसंगीत मुंबईत रुजले ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधी. १९०३ साली उघडलेल्या ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहात १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णी अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जाझ वाद्यवृंद घेऊन आला. त्याच्यामागून आलेल्यांत पियानोवादक टेडी वेदरफर्ड होता, जो पुढे १९४५ साली कलकत्त्यात निवर्तला. स्वदेशात वर्णद्वेषाने ज्यांची कोंडी केली होती, त्या कलावंतांना आशियातील बंदरांच्या शहरांत मान आणि पैसा दोन्ही मिळत होते. हे संगीत त्यांच्याकडून कानाने आणि कागदाने उचलले ते प्रामुख्याने गोमंतकीय वादकांनी.

यामागे एक जुनी शिक्षणव्यवस्था होती. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चला जोडलेल्या पाठशाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. उद्देश धार्मिक होता, पण त्यातून स्वरलिपी वाचू शकणारा एक कुशल कामगारवर्ग तयार झाला. शेतीवर भागेना आणि गोव्यात उद्योग नव्हता. तेव्हा ही माणसे मुंबईची वाट धरीत. धोबीतलाव आणि आसपासच्या वस्त्यांत प्रत्येक गावाचा आपापला ‘कूड’ असे. नाममात्र भाड्यात एका खोलीत ट्रंका रचलेल्या, भिंतीशी गावच्या संताची वेदी, संध्याकाळी तेर्स म्हणण्याचा नियम. खलाशी, आचारी, बटलर आणि वादक या कुडांतून राहत आणि मिळकतीचा भाग गावाकडे धाडीत. कोकणातून गिरणीत आलेल्या आपल्या चाकरमान्याच्या गावकीच्या खोलीशी या कुडाचे नाते किती जवळचे होते, हे निराळे सांगायला नको. जुन्या नाइट क्लबचा काळा कोट घातलेला वादक आणि तिसऱ्या पाळीला निघालेला गिरणीकामगार हे एकाच अर्थव्यवस्थेचे दोन चेहरे होते. गावातल्या दारिद्र्याने दोघांनाही याच शहरात आणून टाकले होते.

मूकपटांच्या काळात या वादकांना चित्रपटगृहांतही काम मिळे. १९३१ साली ‘आलम आरा’ने पडदा बोलका केला आणि ते काम गेले. परंतु बोलपटांना गाणी लागतात आणि गाण्यांना वाद्यवृंद लागतो, म्हणून तेच हात पुढे स्टुडिओत पोहोचले. रात्री क्लबात आणि दिवसा ध्वनिमुद्रणाला, असा त्यांचा दिनक्रम झाला. आल्दोन्याचा अंतोनियो शाविएर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेट वाजवीत असे. त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजेच सी. रामचंद्र यांनी, त्याला जवळ केले. १९५१ सालच्या ‘अलबेला’त गिरणीकामगाराचा मुलगा असलेला आपला भगवान पडद्यावर नाचतो तेव्हा चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह तेथे प्रत्यक्ष दिसतो. त्याच वर्षीच्या ‘बाजी’ने क्लबाचे दृश्य हिंदी पडद्यावर पक्के केले. गिरगावातल्या किंवा परळमधल्या मराठी कारकुनाने चर्चगेटचा नाइट क्लब पाहिला तो बहुधा असा, तिसऱ्या वर्गाच्या तिकिटावर आणि पडद्यावर. प्रत्यक्षात तो त्याच्या घरापासून काही फर्लांगांवरच होता.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले; १९७७ च्या चित्रपटातील प्रसिद्ध पात्राला त्यांचे नाव मिळाले, म्हणून ते नाव तरी घरोघर पोहोचले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्ययोजना करणारे सेबॅस्टियन डिसोझा, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड यांची नावे मात्र श्रेयनामावलीत पुष्कळदा दिसत नाहीत. चालीला आकार देणारी कागदावरची मेहनत त्यांची आणि नाव दुसऱ्याचे, अशी ही विभागणी होती. ग्रेगरी बूथ आणि नरेश फर्नांडिस यांसारख्या अभ्यासकांनी या वादकांच्या मुलाखती घेऊन त्यांचा इतिहास लिहिला नसता, तर तो त्यांच्याबरोबरच गेला असता. ख्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदाबरोबर मुंबईच्या क्लबांत गाणाऱ्या लॉर्ना यांचे कोंकणी गीतांतले स्थान गोव्याने जपले. मुंबईने मात्र त्यांना फारसे लक्षात ठेवले नाही.

एकाच ओळीत तमाशा आणि कॅबरे

मराठी माणसाची स्वतःची रात्र या क्लबांपासून फार दूर होती, असा एक समज आहे. संगीत नाटक पहाटेपर्यंत रंगे. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाच्या फडांना गिरणगावातून गर्दी लोटे. गणेशोत्सवातील मेळे रात्री जागवीत. चर्चगेटच्या नृत्यगृहाशी याचा काय संबंध? परंतु संबंध आहे, आणि तो सरकारनेच जोडून दिला आहे. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ खाली १९६० साली सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाने देण्याविषयी जे नियम झाले, त्यांच्या लांबलचक शीर्षकातच कॅबरे, मेळे आणि तमाशे एकत्र नांदतात. परवाना देणाऱ्याच्या दृष्टीने लालबागची लावणी आणि कुलाब्याचा कॅबरे या एकाच शंकास्पद जातीच्या गोष्टी होत्या. रात्री पैसे घेऊन करमणूक करणारा माणूस, विशेषतः स्त्री, ही पोलीस खात्याच्या देखरेखीचीच बाब आहे, हे गृहीतक त्यामागे आहे. गिरणीची तिसरी पाळी म्हणजे उत्पादन आणि मंचावरची पाळी म्हणजे अनीती, असा हा भेद.

हे गृहीतक कायद्यापुरते राहिले नाही. हिंदी चित्रपटाने क्लबातील नर्तिकेला बहुधा ख्रिस्ती नाव दिले आणि तिला कथेच्या शेवटी गोळी घातली. ज्या समाजाने आपल्याला वादक, परिचारिका, शिक्षिका आणि टंकलेखिका दिल्या, त्याची पडद्यावरची ओळख अशी झाली. आपण शिट्ट्या वाजवून ती मान्यही केली.

वाद्यवृंद का गेले?

आता ऱ्हासाकडे पाहू. नाइट क्लबांचा तो काळ का संपला? सामान्यतः उत्तर मिळते की अभिरुची खालावली. अर्थशास्त्राचे उत्तर निराळे आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्यक्ष सादर होणाऱ्या कलांची अडचण मांडली. कारखान्यात यंत्राने दर माणशी उत्पादन वाढते आणि त्याबरोबर वेतनही वाढू शकते. परंतु चार वादकांनी अर्धा तास वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी जेवढ्या श्रमाने वाजे, तेवढ्याच श्रमाने आजही वाजते. सर्वत्र वेतने वाढू लागली की अशा कलेचा खर्च तुलनेने वाढतच जातो. मग मालकापुढे दोनच मार्ग राहतात: कोणीतरी अनुदान द्यावे, किंवा माणसाच्या जागी यंत्र आणावे.

मुंबईत दुसरे घडले. साठोत्तरी दशकाच्या अखेरीपासून डिस्कोथेक आली. आठ-दहा वादकांच्या जागी दोन तबकड्या फिरवणारा एक माणूस पुरेसा झाला. १९७२ साली लेड झेपेलिन या वाद्यवृंदाचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट कुलाब्याच्या स्लिप डिस्कमध्ये वाजवून गेले, ही कथा आजही चवीने सांगितली जाते. पण तो एका रात्रीचा अपवाद होता, आणि डिस्कोचा रोजचा नियम ध्वनिमुद्रित संगीताचा होता. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत विजेवर चालणाऱ्या सिंथेसायझरने चित्रपटांच्या स्टुडिओतील व्हायोलिनांच्या रांगाही रिकाम्या केल्या. १९७८ पासून निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाझ यात्रेचे महोत्सव भरवून ज्योत तेवत ठेवण्याचा प्रयत्न केला. परंतु महोत्सवाने वर्षाचे रेशन भरत नाही. वादक म्हातारे झाले, काही आखातात आणि जहाजांवर गेले, मुलांनी बँकेत नोकऱ्या धरल्या.

याच काळात शहराच्या दुसऱ्या टोकाला असाच अंत घडत होता. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. त्या संपानंतर गिरणगाव उभे राहिले नाही. तिसऱ्या पाळीचा भोंगा थांबला, आणि तमाशाच्या थिएटरांचा तिकीट काढणारा प्रेक्षकही त्याच्याबरोबर गेला. नाइट क्लबातला वादक आणि लालबागेतला फडकरी, दोघांचीही रात्र दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने मावळली. आपण पहिल्यासाठी नॉस्टॅल्जिया हा गोड शब्द राखून ठेवला. दुसऱ्यासाठी शब्दच ठेवला नाही.

तीन तारांच्या वरची नीती

या अर्ध्या स्मरणाचा परिणाम आजच्या धोरणांवर होतो, म्हणून हा विषय केवळ हळहळीचा नाही. ऑगस्ट २००५ मध्ये महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी घातली. त्यासाठी पोलीस अधिनियमात कलम ३३ क घालण्यात आले, आणि लगेच पुढच्या कलमाने तीन व त्याहून अधिक तारांकित हॉटेले, जिमखाने आणि नोंदणीकृत क्रीडा क्लब यांना त्यातून वगळले. तेच नृत्य, तेच मद्य. पण छताला झुंबर असेल तर ती संस्कृती आणि पंखा असेल तर ती अनीती. उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ही बंदी रद्द ठरवली आणि १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. समान वागणुकीचे तत्त्व आणि व्यवसायाचे स्वातंत्र्य, दोन्हींचा त्यात भंग झाल्याचे न्यायालयाने सांगितले. न्यायालयीन वादात सुमारे ७५ हजार स्त्रियांच्या रोजगाराचा प्रश्न मांडला गेला होता. निकाल लागेपर्यंत आठ वर्षे उलटली होती, आणि रोज कमावून रोज खाणाऱ्या स्त्रीला आठ वर्षांनी मिळालेला न्याय कितीसा पुरा पडणार?

त्यानंतरही २०१६ मध्ये नवा कायदा झाला. नृत्य होते त्या जागेत मद्य देऊ नये, आत कॅमेरे लावावेत, शाळा आणि देवळापासून एक किलोमीटर दूर असावे, अशा त्याच्या आणि त्याखालील नियमांच्या अटी होत्या. जेथे प्रत्येक गल्लीत शाळा किंवा देऊळ आहे अशा शहरात शेवटची अट म्हणजे बंदीच होय. १७ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने यांपैकी अनेक अटी रद्द केल्या. नोटा उधळण्याची मनाई आणि साडेअकराची वेळमर्यादा कायम ठेवली. बारमधील व्यवहार सारे निर्मळ होते असा दावा येथे करायचा नाही. स्त्रियांचे शोषण तेथे होते, अल्पवयीन मुलींचा प्रश्नही होता. परंतु शोषण थांबवण्याचा मार्ग रोजगार बंद करणे हा असेल, तर शेतमजुरी आणि घरकामही बंद करावे लागेल.

नीतीकडे इतके बारीक लक्ष देणारी ही व्यवस्था सुरक्षेकडे मात्र डोळेझाक करते. परळच्या कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जणांचा मृत्यू झाला. ज्या जमिनीवर एके काळी तिसरी पाळी चाले, तिच्यावर आता नव्या मुंबईकरांची रात्र रंगत होती. गच्चीवरचे छत ज्वालाग्राही होते आणि बाहेर पडायचा मार्ग अपुरा होता. परवाना देणाऱ्या दहा कार्यालयांपैकी एकाने जरी त्या दाराकडे नीट पाहिले असते, तरी काही जीव वाचले असते. आपल्या परवान्यांची नजर नर्तिका मंचावर किती अंतरावर उभी आहे हे मोजण्यात गुंतलेली असते. जिना किती रुंद आहे हे मोजायला तिला सवड नसते.

उरलेला अर्धा हिशेब

जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने अनिवासी भागांतील मॉल आणि उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्यास मुभा दिली. मद्य देणाऱ्या जागांची दीडची वेळ तशीच ठेवली. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि प्रयोग थिजला. त्या वेळच्या चर्चेत एका बाजूला ‘जुनी मुंबई पुन्हा जागी होईल’ असा उमाळा होता आणि दुसऱ्या बाजूला ‘संस्कृती बुडेल’ असा आक्रोश. रात्री बारा वाजता टेबल पुसणारा पोऱ्या घरी कसा जाईल, हे दोन्ही बाजूंपैकी फारसे कोणी विचारले नाही. एकच्या सुमारास शेवटची लोकल सुटते आणि पहाटे चारपर्यंत दुसरी नसते. मधले तीन तास तो फलाटावर बसून काढतो. त्याचे मूळ वेतन तुटपुंजे असते आणि घर चालते ते टिपेवर. रात्रीच्या अर्थव्यवस्थेचे खरे मोजमाप या फलाटावर होते.

म्हणून जुन्या रात्रींच्या आठवणी जरूर निघाव्यात, पण त्यांतून काही निष्कर्षही निघावेत. रात्रीच्या करमणुकीचे नियम तारांची संख्या पाहून बदलू नयेत. जो नियम नृत्यगृहाला तोच तमाशाच्या तंबूला आणि तोच साध्या बारला लागू व्हावा. परवान्याची कसोटी सुरक्षित जिना, किमान वेतन, कामाचे ठरलेले तास आणि परतीच्या वाहनाची सोय ही असावी. प्रौढ माणसांच्या नीतीची राखण हे परवाना खात्याचे काम नव्हे. वादकांचा जो वारसा अजून उरला आहे, तोही जपला पाहिजे. हाताने लिहिलेली स्वरलेखने, जुनी करारपत्रे, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रिका आज वारसांच्या माळ्यावर आहेत. मुंबई आणि गोवा या दोन्ही विद्यापीठांनी मनावर घेतले तर दोन-तीन वर्षांत त्यांची नोंद होऊ शकेल, आणि त्यासाठी लागणारा पैसा एका स्मारकाच्या पायाभरणी समारंभाइतकाही नाही.

आपल्या वर्गातील पुष्कळ विद्यार्थी आज रात्री काम करतात. कोणी दूरध्वनी केंद्रात, कोणी घरपोच जेवण पोहोचवण्यात, कोणी उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात. सकाळच्या तासाला त्यांचे डोळे मिटतात तेव्हा शिक्षकाला राग येतो. पन्नास वर्षांनी या काळाच्याही रम्य आठवणी लिहिल्या जातील, आणि त्या बहुधा जेवण मागवणाऱ्यांनी लिहिलेल्या असतील. ते जेवण कोणी आणले आणि मग तो माणूस घरी कसा गेला, याची नोंद मात्र आजच करून ठेवावी लागेल.